यझ्दमध्ये एक दिवस : आधी पाणी बघा, मग बाकीचं शहर

पायवाट

आपल्याकडून इराणला जाणारे लोक बहुतेक तेहरान, इस्फहान, शिराझ आणि पर्सेपोलिस करून परततात. यझ्दच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो. एका दिवसात हे शहर उत्तम बघून होतं, पण त्यासाठी क्रम नीट लावायला हवा. हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले जो क्रम सांगतात (मशीद, बाजार, अग्निमंदिर, संध्याकाळी गच्ची) त्यात हे शहर इथे टिकलं कसं, हेच कळत नाही. म्हणून हा धागा काढतोय. मी गेलो होतो २०१९ च्या ऑक्टोबरात. हवा छान होती, दिवसा ऊन आणि रात्री स्वेटर.

आधी जागा समजून घ्या. उत्तरेला दश्त-ए-कवीर, पूर्वेला दश्त-ए-लूत, ही दोन मोठी वाळवंटं, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात साधारण १२०० मीटर उंचीवर हे शहर. वर्षभराचा पाऊस जेमतेम ६० मिलिमीटर. माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही याच्या कितीतरी पट पडतो. नदी नाही. तरीही इथे शतकानुशतकं रेशमाचं, मिठाईचं, व्यापाराचं शहर नांदलं. मार्को पोलो तेराव्या शतकात इथून गेला, त्याने इथल्या रेशमी कापडाचं कौतुक लिहून ठेवलंय. २०१७ मध्ये युनेस्कोने जुनं यझ्द जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पाणी येतं दक्षिणेच्या शीरकूह डोंगरातून. चार हजार मीटरच्या वरचा डोंगर आहे, त्यावर बर्फ पडतो. ते मुरलेलं पाणी पायथ्याशी एका खोल विहिरीत गाठायचं, आणि तिथून अगदी मंद उताराचा बोगदा जमिनीखालून शहरापर्यंत खणत आणायचा. हाच कनात. बोगद्याच्या डोक्यावर ठरावीक अंतराने विहिरी असतात. खणलेली माती वर काढायला, खालच्या माणसाला हवा मिळायला आणि पुढे गाळ उपसायला त्या लागतात. यझ्दचा झार्चचा कनात सुमारे ८० किलोमीटर लांब आहे आणि त्याच्यावर दोन हजारांच्या आसपास विहिरी आहेत. पंप नाही, इंजिन नाही, सगळं काम उताराचं. उतार थोडा जास्त झाला की पाण्याच्या ओढीने बोगदा खरवडतो, कमी झाला की गाळ साचतो. दिवा आणि ओळंबा एवढ्यावर हा उतार साधणारे मुकन्नी, म्हणजे कनात खणणारे कारागीर, यझ्दचेच नावाजलेले. इराणभर त्यांना बोलावणी असत.

म्हणून सकाळी उघडताच पाणी संग्रहालयात जा. अमीर चखमाक चौकाला लागूनच एका जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात आहे. पायऱ्या उतरत गेलं की वाड्याच्या पोटात कनातचा प्रवाह लागतो. मुकन्नींची अवजारं, चामड्याची पोहरी, रहाट, त्यांचे पांढरे कपडे, सगळं मांडलेलं आहे. मला सर्वांत जास्त वेळ धरून ठेवलं ते एका तांब्याच्या वाडग्याने. तळाला बारीक भोक. तो मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडायचा, भरून बुडाला की एक माप पूर्ण. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या या मापावर मोजायच्या, आणि मोजणारा मीराब हा गावातला सर्वांत विश्वासाचा माणूस. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात घटिकापात्र सोडतात, तेच हे! माझ्या आजोळी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं असे. इथे त्याच भांड्यावर अख्ख्या शहराचे पाण्याचे हक्क उभे होते.

हे डोक्यात घेऊन बाहेर पडलात की प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागायला लागतो. जामा मशीद चौदाव्या शतकातली, तिचे जोडमिनार ५२ मीटर उंच, दर्शनी कमानीवर निळ्या फरशांचं अप्रतिम काम. लोक मान वर करून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही तिथे खाली जाणारी वाट विचारा, कारण झार्चचा कनात या मशिदीच्या खालून जातो आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाण्यापर्यंत उतरायच्या पायऱ्या केलेल्या आहेत. पाणी वरच्या बाजूला ज्यांना आधी मिळे ते श्रीमंत मोहल्ले, खाली जात जात शेवटी शेतं. शहराचा नकाशाच प्रवाहाने आखलाय.

मशिदीमागे फहादान मोहल्ला. मातीत भुसा कालवून लिंपलेल्या भिंती, वर कमानींनी झाकलेल्या बोळकांड्या, म्हणून अकरा वाजताही सावली. दारांवर दोन वेगळ्या कड्या, पुरुषाने जड दांडी वाजवायची आणि बाईने हलकी गोल कडी, म्हणजे आतून दार कोणी उघडायचं ते कळतं. इथे नकाशा खिशात ठेवा आणि नुसते फिरा. अलेक्झांडरचा तुरुंग म्हणून जी घुमटाची वास्तू दाखवतात तो मुळात मदरसा आहे, दहा मिनिटं पुरेत. त्यापेक्षा लारींचा वाडा बघा. चौक, त्याच्या एका अंगाला उन्हाळ्याच्या खोल्या, समोरच्या अंगाला हिवाळ्याच्या, आणि ऋतू बदलला की घरच्यांनी बिऱ्हाड चौकापलीकडे हलवायचं.

आणि बादगीर. यझ्दच्या गच्चीवरून पाहिलं की क्षितिजभर हे हवेचे मनोरे दिसतात. सर्वांत उंच दौलताबाद बागेत, ३३ मीटर, अष्टकोनी, अठराव्या शतकातला. वरच्या उभ्या फटींतून वारा आत शिरतो, आतल्या विटांच्या पडद्यांमुळे खाली वळतो, खालच्या हौदावरून जाताना गार होतो आणि दालनात येतो. वाऱ्याच्या उलट बाजूच्या फटी आतली गरम हवा ओढून बाहेर टाकतात. वारा नसला तरी धुराड्यासारखं काम चालूच राहतं. त्याच्या बरोबर खाली उभे राहा. बाहेर चटका बसत असताना इथे अंगावर येणारी झुळूक हा माझ्यासाठी त्या प्रवासातला सर्वांत मोठा आनंद होता, मिनार आणि फरशा त्यानंतर.

दुपारी एक ते साधारण साडेचार बाजार बंद. भांडू नका, जेवून झोपा. जुन्या वाड्यांची हॉटेलं झाली आहेत, चौकातल्या तख्तावर पाय पसरून चहा घ्या. इथली केशर घातलेली खडीसाखर काडीवर लावलेली मिळते, ती चहात ढवळायची.

दुपारनंतर अग्निमंदिर, आणि ऊन उतरताना अमीर चखमाक. पंधराव्या शतकात इथल्या तैमूरी सुभेदाराने वसवलेला हा चौक. कोनाड्यांची तीन मजली दर्शनी भिंत संध्याकाळी उजळते तेव्हा सगळं शहर तिथे येऊन बसतं. बाजूला पानाच्या आकाराचा प्रचंड लाकडी सांगाडा दिसेल, तो नख्ल. मोहरममध्ये इमाम हुसेन यांच्या जनाज्याचं प्रतीक म्हणून असे नख्ल काळ्या कापडाने मढवून शेकडो लोक खांद्यावर उचलतात.

अग्निमंदिराबद्दल खाली वेगळं लिहितो, त्याची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे.

---

निळाई

फार सुंदर! अग्निमंदिराची वाट बघते. दोन प्रश्न: बायकांनी कपड्यांचं काय करायचं, आणि आपली कार्डं चालतात का?

---

मीरा_मस्कत

निळाई, मी यझ्दला मैत्रिणीबरोबर गेले होते. कायद्याने डोक्यावर स्कार्फ सक्तीचा आहे, परदेशी बायकांनाही. २०२२ च्या आंदोलनानंतर तिथल्या कितीतरी मुली तो घेत नाहीत, पण पाहुण्यांनी कायदा पाळावा असं मी सांगेन. लांब बाह्यांचा सैल कुर्ता, सलवार आणि ओढणी, एवढ्यात काम होतं. पंजाबी ड्रेसवाल्यांना वेगळं काही शिवावं लागत नाही.

निर्बंधांमुळे बाहेरच्या बँकांची कार्डं अजिबात चालत नाहीत. सगळे पैसे डॉलर किंवा युरोत रोख न्यायचे. आणि भाव सांगताना लोक तोमान सांगतात, नोटेवर रियाल असतात. दहा रियाल म्हणजे एक तोमान. दर वेळी विचारून घ्या.

कनातबद्दल वाचून ओमान आठवलं. इथे त्याला फलज म्हणतात आणि २००६ पासून इथल्या पाच फलजांना युनेस्कोचा दर्जा आहे. निझवाजवळच्या गावांत पाण्याची पाळी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायची पद्धत होती. खजुराच्या बागांतून ते पाणी अजूनही वाहतं. मस्कतला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी मॉलऐवजी तिथे घेऊन जाते.

---

पायवाट

आता अग्निमंदिर.

यझ्दचं आतशबेहराम, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं अग्निमंदिर, १९३४ मध्ये उभं राहिलं. पैसा मुंबईच्या पारशांनी उभा केला आणि आराखडाही मुंबईच्या वास्तुविशारदांचा. पुढे गोल हौद, त्यात दर्शनी खांबांचं प्रतिबिंब, वर पंख पसरलेला फरवहर, झरथुष्ट्री धर्माचं चिन्ह. फोर्टातून चालणाऱ्याला हे रूप ओळखीचं वाटेल. आत काचेपलीकडे पितळी रंगाच्या मोठ्या पात्रात अग्नी. परंपरा सांगते की तो इसवी सन ४७० पासून अखंड आहे. आक्रमणांच्या काळात पुजाऱ्यांनी तो गावोगाव हलवत, घराघरात लपवत जपला आणि १४७३ मध्ये यझ्दला आणला. बदाम आणि जर्दाळूची सुकी लाकडं घालून पुजारी तो तेवता ठेवतात.

मुंबईत चार आतशबेहराम आहेत, पण पारशी नसलेल्याला एकाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. यझ्दला मात्र कोणीही काचेतून दर्शन घेऊ शकतं. मी मुंबईत वाढलो, अग्यारीच्या फाटकाबाहेरून शेकडो वेळा गेलो, आणि तो अग्नी पहिल्यांदा पाहिला तो इराणच्या वाळवंटात. मी तिथे खूप वेळ उभा होतो. मागे शाळेच्या मुलांची रांग आली तेव्हा बाजूला झालो.

मुंबई आणि यझ्दचा हा संबंध त्याही आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात इराणमधले झरथुष्ट्री, म्हणजे पारशांचे तिथले धर्मबांधव, फार हलाखीत होते. जिझिया होताच, शिवाय घोड्यावर बसायला, नवे कपडे घालायला बंदी. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी मानेकजी लिमजी हातरिया यांना प्रतिनिधी म्हणून पाठवलं. त्यांनी यझ्द आणि करमानला शाळा काढल्या, अग्निमंदिरं दुरुस्त करून घेतली, आणि जवळजवळ तीस वर्षं तेहरानच्या दरबारात खेटे घातले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने झरथुष्ट्रींवरचा जिझिया उठवला. हातरिया १८९० मध्ये तेहरानलाच वारले. आपल्या शालेय इतिहासात या माणसावर एक धडा असायला हवा. पुढे पेशोतनजी मार्कर या मुंबईच्या दानशूर पारशांनी यझ्दला शाळा आणि अनाथाश्रम बांधले. त्यांच्या नावाचा मार्कर चौक आणि त्यातला घड्याळाचा मनोरा आजही तिथे आहे. टॅक्सीवाल्याला सांगून पाच मिनिटं थांबाच.

---

कॅम्पातली

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पुण्यात कॅम्पात वाढले. आमच्या शेजारचं कुटुंब इराणी, यझ्दजवळच्या खेड्यातून त्यांचे आजोबा आले होते. पायी आणि गाढवावरून बंदर अब्बास, मग बोटीने मुंबई. ते घरात दरी ही झरथुष्ट्रींची बोली बोलत, ती फारसीपेक्षा वेगळी. मुंबई-पुण्याची इराणी हॉटेलं बहुतांशी यझ्द आणि करमानच्या अशाच खेड्यांतून आलेल्या लोकांनी उभी केली. कोपऱ्यावरच्या जागा, संगमरवरी टेबलं, बनमस्का आणि पानी कम चाय हे आपण इतकं आपलं मानतो, पण ते ज्या गावांतून आले ती गावं कशी दिसतात हे आपल्याला माहीतच नसतं. मेहेरबाबांचे वडील शेहरियार हेही यझ्दजवळच्या खुर्रमशाहचे. बाबांचा जन्म पुण्याचा, १८९४ चा, आणि समाधी नगरजवळ मेहेराबादला. तिथे जाणाऱ्या किती लोकांच्या मनात यझ्द येत असेल?

एक विनंती आहे. दख्म्यांबद्दल (मृतदेह उघड्यावर ठेवायच्या झरथुष्ट्री मनोऱ्यांबद्दल) तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. शहराच्या दक्षिणेला टेकड्यांवर दोन दख्मे आहेत, १९७० च्या दशकापर्यंत वापरात होते. आता पर्यटक सूर्यास्त बघायला तिथे चढतात, मधल्या खड्ड्याच्या काठावर उड्या मारत फोटो काढतात. खालीच झरथुष्ट्रींची चालू दफनभूमी आहे, तिथे माणसं आपल्या आईवडिलांना भेटायला येतात. आमच्या शेजारच्या काकी एकदा यझ्दला जाऊन आल्या आणि हे सांगताना रडल्या. कृपा करून तिथे जाऊ नका.

---

दुर्गवेडा

कॅम्पातली, तुमच्या भावना कळतात. तरी "जाऊ नका" हे मला पटत नाही. ती जागा तिकीट लावून खुली केलेली आहे, वारशाचा भाग आहे. मृतदेहाने माती, पाणी आणि अग्नी यांतलं काहीही विटाळू नये हा विचार पुस्तकात वाचून जितका कळतो, त्यापेक्षा त्या उघड्या टेकडीवर उभं राहून जास्त कळतो. खाली शोकाकुल नातेवाइकांना उतरायला बांधलेल्या खोल्या आहेत, पाण्याचं टाकं आहे, त्यालाही बादगीर आहेत. हे सगळं न बघता झरथुष्ट्री यझ्द पाहिलं असं म्हणता येईल का? जा, पण उड्या मारू नका.

---

कॅम्पातली

दुर्गवेडा, तुम्ही गड चढता तेव्हा समाधीवर पाय देणाऱ्याला ओरडता ना? तसंच समजा. वाचणाऱ्यांनी आपापलं ठरवावं, पण माझं मत तेच राहील.

---

पायवाट

मी गेलो होतो, सकाळी लवकर. वर कोणी नव्हतं. एकावर चढलो, फोटो काढले नाहीत, खाली दफनभूमीच्या बाजूला फिरकलो नाही. जाणाऱ्यांना मी हेच सुचवेन. सूर्यास्ताची गर्दी मलाही खुपते, आणि सूर्यास्तासाठी जुन्या शहरातल्या गच्च्या आहेतच.

---

खाम_नदीकाठ

मी छत्रपती संभाजीनगरचा. धागा वाचताना सारखं वाटत होतं की कोणीतरी आमच्या नहरींचं नाव काढावं. कोणी काढत नाही म्हणून मीच लिहितो.

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या शहरासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची आहे. डोंगराच्या पायथ्याचं मुरलेलं पाणी जमिनीखालच्या मार्गाने, नुसत्या उतारावर शहरात. पुढे आणखी नहरी झाल्या, थत्ते नहर त्यातलीच. पाणचक्की सगळे बघतात, पण तिथलं पाणी कुठून येतं हे विचारणारे थोडे. बऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा आहे, तिथे शंभरावर कुंड्यांची रांग अजून दिसते. यझ्दच्या कनातचे हे सख्खे नातेवाईक आपल्या दाराशी आहेत.

आमच्याकडे नहरीवर घरं झाली, रस्ते खणताना नहर फुटली, सांडपाणी शिरलं. आणि उन्हाळ्यात आमच्या शहराला आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. तिकडे कनातचं काय झालं आहे? खरंच वाहतात, की संग्रहालयापुरते?

---

पायवाट

फार महत्त्वाचा प्रश्न. काही वाहतात, बरेच आटलेत. गेल्या साठेक वर्षांत खोल विहिरी आणि पंप आले, भूजल खाली गेलं, आणि कनात ज्या पातळीवर खणले होते तिथे पाणीच उरलं नाही. कनात डोंगर देईल तेवढंच घेतो, पंप त्याहून जास्त ओढतो. आज यझ्दच्या नळाला बरंचसं पाणी इस्फहानकडून, झायंदे-रूद नदीवरून पाइपाने आणलेलं येतं. इस्फहानच्या शेतकऱ्यांचं त्यावरून मोठं भांडण आहे, त्यांनी ती पाइपलाइन फोडलीही होती. इस्फहानच्या देखण्या पुलांखाली वर्षातले कितीतरी महिने कोरडं पात्र असतं. यझ्दला जाण्याआधी ते पाहिलं असेल तर पाणी संग्रहालय आणखी टोचतं.

तुमच्या नहरींवर वेगळा धागा काढाच. फोटो असतील तर उत्तम.

---

तालीमकर

जोरखाना, म्हणजे इराणी तालीम, राहिला की! अमीर चखमाकच्या मागे एका जुन्या पाण्याच्या टाक्याच्या घुमटाखाली संध्याकाळी व्यायाम चालतो, पाहुण्यांना बसून बघता येतं. मी कोल्हापूरचा, लहानपण तालमीत गेलं, त्यामुळे मला तिथून उठवेना. मध्ये अष्टकोनी हौदा, पण माती नाही, फरशी. वर उंचावर मुरशिद बसतो, डफासारखं मोठं मडक्याचं वाद्य वाजवत फिरदौसीचे शेर म्हणतो आणि त्या ठेक्यावर सगळे मिळून जोर काढतात. मग लाकडी मील फिरवतात, आपली करेल जोडीच. शेवटी लोखंडी धनुष्याला साखळ्या आणि चकत्या लावलेलं कब्बादे डोक्यावर हलवतात. जुनी लोखंडी लेझीम ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वयाने मोठा आधी हौद्यात उतरतो, उतरताना जमिनीला हात लावून कपाळाला लावतो. एक सत्तरीचे गृहस्थ मील फिरवत होते, एकदाही ठेका चुकला नाही. मी उठून नमस्कार केला, त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

---

सुगरण_मंडळी

खायचं कोणीच सविस्तर लिहिलं नाही! अमीर चखमाकच्या समोर हाजी खलीफे रहबरचं मिठाईचं जुनं दुकान आहे. तिथे कुत्ताब घ्या (आत वाटलेला बदाम आणि वेलची, वर पिठीसाखर), पिस्त्याची बारीक चौकोनी बकलावा घ्या आणि पश्मक, जो अगदी आपल्या म्हातारीच्या केसांसारखा. वेलचीचा वापर इतका सढळ की भारतातून गेलेल्याला लगेच रुचतो. शाकाहारी लोकांनी कश्क-ए-बादेमजान मागावं, वांग्याचं भरीत आणि आंबट कश्क (ताक आटवून केलेला). आश (घट्ट सूप) सांगताना मात्र मांसाचा रस्सा घातलाय का ते विचारा.

---

निळाई

सगळ्यांचे आभार. आता जायचं मनावर घेतलंय. मार्चमध्ये गेले तर?

---

मीरा_मस्कत

मार्चच्या शेवटी नवरोजच्या सुट्ट्या असतात, साधारण दोन आठवडे. सगळा इराण प्रवासात असतो, खोल्या मिळत नाहीत. एप्रिलचा मध्य किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघ. जून ते ऑगस्ट नको, पारा चाळिशीच्या वर असतो. त्याहून आधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाच. जून २०२५ मध्ये भारताला आपल्या विद्यार्थ्यांना तिथून बाहेर काढावं लागलं होतं, आणि व्हिसाचे नियमही बदलत राहतात. तिकीट त्यानंतरच काढ.

---

पायवाट

मीरा यांच्याशी पूर्ण सहमत. परिस्थिती निवळली आणि गेलात, तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी बाजार बंद असतो. इस्फहानहून बस साधारण पाच तास घेते, तेहरानहून रेल्वे सहा-सात तास. रात्री पोहोचून जुन्या शहरातच मुक्काम करा, म्हणजे सकाळचा वेळ हातात राहतो. दुसरा दिवस मिळाला तर आसपासची चकचक, मेयबोद आणि खरानक ही ठिकाणं एका टॅक्सीत होतात. मेयबोदला मातीचं बर्फघर आहे, हिवाळ्यात गोठवलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवायचं. त्याची रचना समजून घ्यायला अर्धा तास तरी ठेवा.